किल्ल्यातली चर्चं पडली, गावातली टिकली: वसईच्या ख्रिस्ती लोकांची आणि त्यांच्या देवळांची गोष्ट

वसईला कोणी पाहुणे आले की त्यांना किल्ला दाखवायला न्यावंच लागतं, आणि दरवेळी साधारण तोच प्रश्न येतो. एका किल्ल्यात एवढी पडकी चर्चं कशी काय, आणि इथली चर्चं जर पोर्तुगीज गेल्यावर पडली तर बाहेर पापडी, रमेदी, निर्मळ, नंदाखाल, आगाशी, सांडोर, मर्सेस इथली चर्चं रविवारी एवढी भरलेली कशी? मी पण लहानपणी आजीला हेच विचारलं होतं, ती म्हणाली होती की ती त्यांची होती, ही आपली. तेव्हा काही कळलं नव्हतं, पण नंतर जेवढं वाचत गेलो तेवढं वाटायला लागलं की वसईच्या चर्चचा जवळजवळ सगळा इतिहास आजीच्या त्या एका वाक्यात आहे, फक्त तो नीट उलगडून सांगायला हवा. तेच इथे करतोय.

सुरुवात करू १५३४ पासून. त्या वर्षी डिसेंबरमध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशाहने तह करून वसई आणि आजूबाजूचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्याला मोगलांची भीती होती आणि पोर्तुगीजांचं आरमार आपल्या बाजूला हवं होतं. मग पोर्तुगीजांनी इथे तटबंदीच्या आत अख्खं शहरच उभं केलं आणि ते त्यांच्या उत्तरेकडच्या प्रांताचं मुख्य ठिकाण झालं. पैसेवाले पोर्तुगीज घराण्यातले लोक आत राहायचे, आणि त्यांच्या पाठोपाठ वेगवेगळ्या संघांचे संन्यासी आले, म्हणजे फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन, ऑगस्टिनियन.

आता इथे एक गोष्ट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. मठ वेगळा आणि गावचं देऊळ वेगळं, हे आपल्याला माहीतच असतं. मठात त्या त्या पंथाचे लोक राहतात, त्यांची स्वतःची शिस्त, स्वतःचं उत्पन्न, आणि गाव तिथे दर्शनाला गेलं तरी मठ काही गावाच्या मालकीचा होत नाही. किल्ल्यातली बहुतेक चर्चं अशी मठाची चर्चं होती, बाजूला संन्याशांच्या खोल्या, मधे चौक, जेझुइटांचं तर कॉलेज होतं. याला मोठा अपवाद सेंट जोसेफचा, ते शहराचं मुख्य चर्च, त्याच्या दारावरच्या शिलालेखात लिहिलंय की १६०१ साली गोव्याचे आर्चबिशप आलेश दि मिनेझिश यांच्या काळात ते नव्याने बांधलं. गावातली चर्चं मात्र धर्मग्रामाची, म्हणजे ज्याला इंग्रजीत पॅरिश म्हणतात त्याची. धर्मग्राम म्हणजे ठरलेली हद्द, त्या हद्दीतली घरं, त्यांचा बाप्तिस्मा, लग्न, मयत सगळं त्याच चर्चमध्ये, आणि सगळ्याची नोंद तिथल्या वहीत. ट्रेंटच्या धर्मसभेने, ती १५६३ ला संपली, बाप्तिस्मा आणि लग्नाच्या वह्या ठेवायचा नियमच केला, म्हणून ख्रिस्ती माणसाला खापरपणजोबाचं नाव शोधायचं असेल तर तो तलाठ्याकडे जायच्या आधी चर्चच्या ऑफिसात जातो.

मग हे गावातले लोक कोण होते? ते बाहेरून आलेले नव्हते. सामवेदी ब्राह्मण, वाडवळ म्हणजे सोमवंशी क्षत्रिय, कोळी, आगरी, हेच इथले वाडीवाले, शेतकरी, मासेमार, ते ख्रिस्ती झाले आणि आडनावं पोर्तुगीज लागली, कारण बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्रीचं किंवा धर्मबापाचं, म्हणजे बाप्तिस्म्याला पालक म्हणून उभा राहणाऱ्याचं, नाव घ्यायची पद्धत होती. म्हणून आडनाव लोपीस, तुस्कानो, रॉड्रिग्ज, आणि घरात बोली मात्र सामवेदी नाहीतर वाडवळी. शेती तीच, केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या, त्यांना पाणी द्यायला बावखलं म्हणजे वाडीतली लहान तळी, आगाशीकडची सुकेळी म्हणजे सुकवलेली केळी. बायकांचं लाल लुगडं पण तसंच राहिलं.

हे धर्मांतर सगळं प्रेमाने झालं असं मी म्हणणार नाही, कारण ते खरं नाही. पोर्तुगीज राज्यात देवळं पाडली गेली, निर्मळचं तीर्थ बंद पडलं, हिंदूंच्या सणांवर आणि विधींवर बंधनं आली, गोव्यात १५६० ला इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शिक्षा करणारं चर्चचं न्यायालय, सुरू झालं आणि त्याचा धाक इथपर्यंत होता. दुसरीकडे गरिबांसाठी दवाखाना, अनाथ मुलांसाठी शाळा हे पण त्याच संन्याशांनी चालवलं. कोण भीतीने आला, कोण फायद्यासाठी, कोण मनापासून, हे आज घराघराचं वेगळं काढता येत नाही. पण दोनशे वर्षं म्हणजे सात-आठ पिढ्या, तेवढ्या काळात जे सुरुवातीला लादलेलं असेल ते सुद्धा लोकांचं स्वतःचं झालं होतं आणि याचा पुरावा पुढे १७३९ नंतर मिळतो.

त्याआधी वसईच्या एका पोराबद्दल सांगितल्याशिवाय राहवत नाही. गोन्सालो गार्सिया, जन्म साधारण १५५६ चा, वसईचाच. किल्ल्यातल्या जेझुइटांकडे शिकला, पंधराव्या वर्षाच्या आसपास त्यांच्याबरोबर जपानला गेला, तिथली भाषा इतकी छान शिकला की लोक त्याला दुभाषा म्हणून शोधत यायचे. पुढे त्याने व्यापार केला, तो सोडला, मनिलाला जाऊन फ्रान्सिस्कन संघात साधा ब्रदर झाला, आणि परत जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला २६ जणांना क्रुसावर मारलं त्यातला तो एक. १८६२ ला पोपने त्याला संत जाहीर केलं, भारतात जन्मलेला पहिला संत. किल्ल्यात जेझुइटांच्या चर्चची जी सुंदर पुढची भिंत उभी आहे, कोरीव खांबांची, तिथे आजही त्याचा सण होतो. म्हणजे किल्ल्यातल्या ज्या चर्चला गावातल्या माणसाचं नाव चिकटलं तेवढं एक लोकांनी सोडलं नाही.

आता १७३९. चिमाजी आप्पांची मोहीम आपण शाळेत शिकलेलो असतो, वसईचा वेढा, सुरुंग, मराठ्यांची प्रचंड प्राणहानी आणि शेवटी १६ मेला पोर्तुगीजांनी शरणागतीच्या अटींवर सही केली. त्या अटी मोठ्या मनाच्या होत्या, ज्याला जायचंय त्याने सामानसुमान आणि शस्त्रं घेऊन जावं, ज्याला राहायचंय त्याला आपला धर्म पाळू द्यावा. आठवड्याभरात पोर्तुगीज बाहेर पडले. पण कोण गेलं? सैन्य, अधिकारी, पैसेवाली घराणी, संन्यासी. म्हणजे नेमकं किल्ल्यातल्या चर्चमध्ये बसणारं माणूस गेलं. वाडीवाला कुठे जाणार होता, त्याची केळी इथे, त्याचं बावखल इथे, त्याचे बापजादे चर्चच्या अंगणात पुरलेले.

मला वाटतं इथेच त्या दोन चर्चमधला फरक पडला. किल्ल्यातलं चर्च रिकामं झालं आणि रिकाम्या इमारतीचं आपल्या कोकणातल्या पावसात काय होतं ते आपल्याला माहितीये. लाकडी वासे आणि कौलांची छपरं होती, पहिल्यांदा छप्पर जातं, कौल सरकलं आणि कोणी नीट बसवलं नाही की वासे कुजतात, लाकूड तर लोक काढून पण नेतात, मग भिंतीच्या डोक्यावर पाणी मुरतं, चुना सुटतो, वड-पिंपळ रुजतात. आणि घडीव दगड आयता मिळत असेल तर घर बांधणारा तो उचलतोच. वसईचा काळा दगड तसाही नावाजलेला, जुन्या गोव्यातल्या बॉम जिझसच्या दर्शनी भागावरचं घडीव काम वसईहून नेलेल्या दगडाचं आहे असं सांगतात. तर लोक जे म्हणतात की मराठ्यांनी चर्चं पाडली, ते मला पूर्ण चित्र वाटत नाही. लढाईत तोफांनी नुकसान झालं, घंटा नेल्या, विजयानंतर जे होतं ते झालं, पण दगडाची एवढी मोठी बांधकामं एका दिवसात कोणी पाडत बसत नाही. जास्त नुकसान केलं ते दुर्लक्षाने, आणि ते शंभर-सव्वाशे वर्षं चाललं.

शिवाय संन्यासी परत येण्याचा रस्ताच बंद झाला. १७५९ ला पोर्तुगालच्या राजाने जेझुइटांना आपल्या सगळ्या राज्यातून हाकललं, आणि १८३४ ला पोर्तुगालने उरलेले सगळे मठ पण बंद केले. म्हणजे किल्ल्यातल्या चर्चवर हक्क सांगायला ज्यांनी यायचं ते मालकच जगात उरले नाहीत, निदान पोर्तुगालच्या राज्यात तरी नाही. १८१८ नंतर इंग्रजांचं राज्य आलं तेव्हा सगळी शांतता होती, कोणी अडवलं नसतं, पण तोपर्यंत ती चर्चं कोणाचीच नव्हती.

गावात काय झालं? संन्यासी गेले तर गोव्याहून देशी पाद्री आले, तिथल्या ख्रिस्ती घरातली मुलं शिकून पाद्री झालेली. ते कुठल्या संघाचे नव्हते, थेट बिशपच्या हाताखालचे, आणि गावात राहायचे. पेशव्यांच्या राज्यात त्यांनी मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, चालू ठेवली, सण चालू ठेवले. १७६० च्या सुमाराला आंकेतिल द्यूपेराँ नावाचा एक फ्रेंच विद्वान साष्टीतून, म्हणजे वसईच्या खाडीच्या दक्षिणेच्या बेटातून, गेला, त्याने ठाण्याला हजारो ख्रिस्ती लोक उघडपणे सण करताना बघितले आणि मराठे काही अडवत नाहीत याची नोंद केली. दुसऱ्या बाजूला पेशव्यांचे इथले सरसुभेदार शंकराजी केशव फडक्यांनी निर्मळचं देवस्थान परत उभं केलं. म्हणून आज निर्मळला एकाच रस्त्यावर तीर्थाचं तळं पण आहे आणि होली क्रॉसचं चर्च पण, दोन्हीकडे गर्दी असते, आणि तिथल्या यात्रेत सुकेळी विकायला बसलेली बाई ख्रिस्ती असली तर कोणाला त्यात वेगळं काही वाटत नाही.

आता जो भाग सगळ्यांना किचकट वाटतो तो, म्हणजे वसईची चर्चं नक्की कोणाच्या ताब्यात होती. यात पाद्रोआदो आणि प्रोपागांडा असे दोन शब्द येतात आणि माणूस तिथेच पुस्तक मिटतो. सोपं आहे खरं तर. समजा एखाद्या देवस्थानची वहिवाट पिढ्यानपिढ्या एका सरदार घराण्याकडे आहे, पुजारी तेच नेमतात, डागडुजीचा खर्च पण तेच करतात. पाद्रोआदो म्हणजे हेच, पोपने पोर्तुगालच्या राजाला पूर्वेकडच्या चर्चची अशी वहिवाट दिली होती, चर्चं बांधायची, पाद्रींना पगार द्यायचा, आणि त्या बदल्यात बिशप कोण व्हावं ते राजाने सुचवायचं. पुढे पोर्तुगाल कमजोर झालं, खर्च झेपेना, पण हक्क सोडवेना. मग रोमने १६२२ ला स्वतःचं एक खातं काढलं, प्रोपागांडा, आणि ते आपली माणसं थेट पाठवायला लागलं. म्हणजे एकाच देवाची, एकाच पोपची, एकाच मिस्सेची चर्चं, पण ऑफिसं दोन.

मुंबईत इंग्रजांनी १७२० ला गोव्याकडून आलेल्या फ्रान्सिस्कनांना काढून रोमकडून आलेल्या कार्मेलाइट संघाच्या लोकांना बसवलं, कारण पोर्तुगालचं ऐकणारे पाद्री आपल्या बेटावर नकोत हा त्यांचा राजकीय हिशोब. त्यावरून मुंबईत जी भांडणं झाली ती शंभर वर्षांच्या वर चालली, १८५३ ला तर वरच्या माहीमच्या सेंट मायकल चर्चमध्ये बिशप हार्टमन आपल्या लोकांना घेऊन दारं लावून आत बसले होते, बाहेर दुसरा गट. वसईकडे हे कमी तापलं, कारण इथली चर्चं बहुतेक गोव्याच्या बाजूलाच राहिली. १८८६ ला पोप आणि पोर्तुगालचा करार होऊन दमण नावाचा धर्मप्रांत, म्हणजे एका बिशपच्या हाताखालचा मुलूख, केला आणि वसई त्यात टाकली. जरा विचार करा, जमीन इंग्रजांची, कलेक्टर इंग्रजांचा, आणि गावचा पाद्री ज्या बिशपच्या हाताखाली तो पोर्तुगालच्या राजाच्या पसंतीचा, आणि चर्चमध्ये बसलेला माणूस घरी सामवेदी बोलणारा. १९२८ ला हे दुहेरी प्रकरण मिटलं, दमण धर्मप्रांत बंद झाला, वसई मुंबईच्या आर्चबिशपकडे आली. आणि २२ मे १९९८ ला खाडीच्या उत्तरेकडचा भाग वेगळा काढून वसईचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, पापडीचं अवर लेडी ऑफ ग्रेस त्याचं कॅथेड्रल म्हणजे बिशपचं मुख्य चर्च, पहिले बिशप थॉमस डाबरे. गोवा, दमण, मुंबई आणि मग वसई. आधी गोवा आणि नंतर मुंबई असं साडेचारशे वर्षं बाहेरच्या ऑफिसला बांधलेली गावं शेवटी स्वतःच्या नावावर आली, माझ्या घरच्यांच्या डोळ्यात त्या दिवशी पाणी होतं ते उगीच नव्हतं.

नावाचा गोंधळ पण इथेच मिटवून टाकतो. मुंबई-साष्टीच्या मूळ ख्रिस्ती लोकांनी १८८७ ला, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला ५० वर्षं झाली तेव्हा, ईस्ट इंडियन असं नाव घेतलं. कारण गोवा आणि मंगळूरहून नोकरीसाठी येणारे ख्रिस्ती वेगळे आणि आपण इथले भूमिपुत्र वेगळे हे सरकारला कळावं म्हणून. वसईत मात्र लोक आजही आधी कुपारी (म्हणजे सामवेदी ख्रिस्ती), वाडवळ, कोळी असंच सांगतात. कुपारी हा शब्द पोर्तुगीज कोम्पाद्रेवरून आला असं मानतात, म्हणजे मुलाच्या बाप्तिस्म्यामुळे जुळलेलं नातं. मिस्सा, क्रूस, पाद्री, फेस्त म्हणजे सण, हे शब्द पण तिकडचेच. आणि नाताळ, जो शब्द अख्खा महाराष्ट्र वापरतो, तो पण पोर्तुगीज, तिकडे नाताल म्हणजे जन्म.

भाषेवरून आठवलं. आजीच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये असायची, पाद्री वेदीकडे तोंड आणि लोकांकडे पाठ करून उभा. तिला अक्षर वाचता येत नव्हतं पण संतांच्या नावांची लांब प्रार्थना चालू झाली की प्रत्येक नावापाठी ती म्हणायची ओरा प्रो नोबिस, आमच्यासाठी विनंती कर, आणि म्हातारपणी सुद्धा केळीची पानं पुसता पुसता एका सुरात ते म्हणायची. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ ला लोकांच्या भाषेत उपासना करायची मोकळीक दिली, मग मिस्सा मराठीत आली, पाद्री लोकांकडे तोंड करून उभा राहिला, मराठी गाणी आली, पेटी-तबला आला. माझ्या मते १७३९ नंतरचा हा सगळ्यात मोठा बदल. सुवार्ता मासिक १९५५ पासून मराठीतच होतं, आणि त्याच मातीतले फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० ला उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजी बोलणारे असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा नंदाखालला रविवारच्या पहिल्या मिस्सेला जाऊन मागच्या बाकावर बसावं.

या बदलाने इमारती पण बदलल्या. जुनं चर्च बघायची एक पद्धत आहे. बहुतेक ठिकाणी पुढची भिंत आणि वेदीकडचा भाग जुना, आणि मधलं शरीर नंतर वाढवलेलं, कारण माणसं वाढली. कौलं जाऊन पत्रा किंवा स्लॅब आला, बाजूला पडव्या आल्या, वेदी पुढे सरकली. यात वाईट काही नाही, चालू चर्चला म्युझियम करून चालत नाही. पण एक गोष्ट मनापासून सांगतो, जुन्या भिंती चुन्याच्या आहेत, चुना श्वास घेतो, पावसाळ्यात भिंतीने ओढलेला ओलावा उन्हाळ्यात बाहेर सोडतो. त्यावर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आत कोंडते, क्षार बाहेर येतात, रंगाचे पापुद्रे सुटतात, आणि मग लोक म्हणतात भिंत खराब झाली, पाडूया. भिंत खराब नसते, तिचं नाक दाबलेलं असतं. आमच्याकडे एका कामात मी हे बोललो तेव्हा कोणी ऐकलं नाही, कंत्राटदाराला चुना मळणारा गवंडी मिळत नव्हता हे पण खरंच होतं. चार पावसाळ्यात फुगे आले. आता दुसरीकडे काही जण चुन्याने दुरुस्ती करायला लागलेत, त्याचा खर्च जास्त येतो पण ते टिकेल.

किल्ल्यात गेलात तर सेंट जोसेफच्या मनोऱ्यात दगडी गोल जिना आहे तिथे थांबा. पायऱ्या मधोमध झिजलेल्या आहेत. त्या झिजवल्या कोणी, घंटा वाजवायला रोज वर जाणाऱ्याने, दिवसातून तीनदा, सकाळ, दुपार, तिन्हीसांजेला, आणि मयत असेल तेव्हा वेगळी. तो माणूस बहुतेक गावातलाच कोणीतरी असणार. वर घंटा नाही.

घंटा कुठे गेल्या ते मात्र सापडतं. वसईच्या मोहिमेनंतर त्या मराठी मुलखात देवळांना दिल्या गेल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे, तिच्यावर बाळाला घेतलेली मारिया आणि १७०७ साल. आणि नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराच्या देवळात १७२१ ची, जिच्यावरून मोठ्या आवाजाच्या माणसाला नारोशंकराची घंटा म्हणायची पद्धत पडली. मी ती बघायला मुद्दाम गेलो होतो. पावसाळ्याचे दिवस, नदी फुगलेली, कठड्यावर एक आजोबा पाणी बघत उभे होते, मी त्यांना सांगितलं की ही घंटा आमच्या गावाकडची, चर्चची. त्यांनी मान हलवली, माहीत होतं त्यांना. मग म्हणाले, आमच्याकडे पूर आला की लोक एकच विचारतात, पाणी नारोशंकराच्या घंटेला लागलं का.